उतरंड की जाळे? वाईच्या विश्वकोशाला पडलेला प्रश्न

खास प्रतिनिधी

वाई - कोणतेही मोठे काम हाती घेतले, की पहिला प्रश्न पैशांचा येतो आणि दुसरा माणसांचा. पन्नास-शंभर माणसे एका कामाला लावायची, तर कोणी कोणाला विचारायचे, चूक कोणी दाखवायची आणि अखेरची सही कोणाची, हे आधी ठरवावे लागते. शतकानुशतके या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी एकच राहिले आहे, ते म्हणजे उतरंड. वर एक प्रमुख, त्याच्या हाताखाली दोन-चार अधिकारी, त्यांच्या हाताखाली सहायक आणि तळाशी प्रत्यक्ष काम करणारे हात. संगणक आणि आंतरजालाच्या प्रसारानंतर दुसरे उत्तर जोमाने पुढे आले, ते जाळ्याचे. जाळ्यात वर-खाली असे फारसे काही नसते. ज्याला जे येते ते त्याने करावे, ज्याच्याशी काम पडेल त्याच्याशी थेट बोलावे, अशी ती रीत असते.

व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवला जाणारा हा विषय समजून घेण्यासाठी मोठ्या शहरातील कंपनीकडेच पाहायला हवे असे नाही. कृष्णाकाठच्या वाईत मराठी विश्वकोशाचे जे काम उभे राहिले, त्याने या दोन्ही रचना अनुभवल्या आहेत. दोहोंचे लाभ आणि दोहोंची किंमत तेथे पानापानांवर दिसते.

उतरंडीचे गणित

उतरंड हा शब्द मुळात स्वयंपाकघरातला. तळाशी मोठे मडके, त्यावर लहान, त्यावर त्याहून लहान. रचना नेटकी दिसते आणि थोड्या जागेत पुष्कळ मावते. मात्र तळचे मडके हवे असेल, तर वरची सगळी उतरवावी लागतात. कार्यालयातही हेच घडते. खालच्या टेबलावरची फाईल वर जाते, शेरा घेऊन खाली येते आणि पुन्हा वर जाते.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी नोकरशाहीची जी मांडणी केली, ती त्यांच्या मृत्यूनंतर १९२२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ठरलेले अधिकारक्षेत्र, वरिष्ठ-कनिष्ठ क्रम, लेखी नियम, लेखी नोंदी आणि पात्रतेनुसार नेमणूक ही तिची लक्षणे त्यांनी सांगितली. आज ‘नोकरशाही’ हा शब्द बहुधा नाक मुरडून उच्चारला जातो. वेबर यांना मात्र या रचनेत एक मोठा गुण दिसला होता. काम व्यक्तीच्या लहरीवर अवलंबून न राहता पदावर अवलंबून राहते, त्यामुळे माणूस बदलला तरी काम थांबत नाही.

उतरंड टिकून राहण्याला साधे गणितही कारणीभूत आहे. पन्नास माणसांच्या उतरंडीत प्रमुख सोडून प्रत्येकाला एकच वरिष्ठ असतो, म्हणजे एकूण ४९ दुवे पुरतात. त्याच पन्नास जणांनी प्रत्येकाशी थेट बोलायचे ठरवले, तर दुव्यांची संख्या १,२२५ होते. पत्र पोहोचायला चार दिवस आणि ट्रंक कॉल लागायला अर्धा दिवस लागत असे, त्या काळात इतके दुवे सांभाळणे अशक्यच होते. दूरध्वनी, ई-मेल आणि संकेतस्थळे यांनी संपर्काचा हा खर्च जवळजवळ नाहीसा केला आणि जाळे ही व्यवहारात येऊ शकणारी गोष्ट झाली.

वाईचे काम कसे उभे राहिले

दक्षिण काशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाईला कोशकार्य नवे नव्हते. येथील प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वती, म्हणजे पूर्वाश्रमीचे नारायणशास्त्री मराठे, यांच्या परंपरेत धर्मकोश आणि मीमांसाकोश ही कामे झाली. त्यांचेच शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्येच यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने साहित्य संस्कृती मंडळ स्थापन केले आणि त्याचे अध्यक्षपद तर्कतीर्थांकडे सोपवले. मराठीत सर्व विषयांचा विश्वकोश सिद्ध करण्याचे काम या मंडळाने अंगावर घेतले. तर्कतीर्थांची कर्मभूमी वाई होती, म्हणून कामाचे केंद्रही वाई झाले.

त्याआधी मराठीत मोठा ज्ञानकोश झाला होता, तो श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा. १९२० च्या दशकात पूर्ण झालेला तो २३ खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ केतकरांनी चक्क कंपनी काढून, भागभांडवल आणि वर्गणीदार गोळा करून तडीस नेला. त्यामागे मंडळ होते, सहकारी होते. पण सारा तंबू केतकर या एका खांबावर उभा होता. वाईचे काम सुरू होताना मार्ग निराळा निवडला गेला. पैसा शासनाचा, आस्थापना शासनाची आणि रचना कार्यालयाची.

या रचनेत अध्यक्ष हेच प्रमुख संपादक. त्यांच्याखाली मानव्यविद्या आणि विज्ञान-तंत्रविद्या असे मोठे विभाग. प्रत्येक विभागाला संपादक आणि त्यांच्या मदतीला सहायक. एका नोंदीचा प्रवास साधारण असा असे. आधी विषयाच्या जाणकारांकडून नोंदींच्या याद्या तयार करायच्या. कोणती नोंद मोठी, कोणती मध्यम, कोणती चार ओळींची, हे ठरवायचे. मग बाहेरच्या तज्ज्ञ लेखकाला पत्र, लेखकाकडून हस्तलिखित, विभागात तपासणी, परिभाषेची तपासणी, भाषेची तपासणी, पुन्हा शंका, पुन्हा पत्र आणि शेवटी छपाईची संमती. लेखक राज्यभर आणि राज्याबाहेरही विखुरलेले होते, पण त्यांचा संबंध बहुधा वाईशी येई, एकमेकांशी नव्हे. चाकाचे आरे जसे तुंब्याला येऊन मिळतात, तशी ही योजना होती.

मराठीत शास्त्रीय शब्दांचीच वाण असल्याने आधी परिभाषेचा पाया घालावा लागला. परिभाषासंग्रह १९७३ मध्ये आला आणि विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये. १ डिसेंबर १९८० रोजी विश्वकोशासाठी स्वतंत्र मंडळ झाले. तर्कतीर्थ १९९४ मध्ये निवर्तले. त्यानंतर मे. पुं. रेगे, रा. ग. जाधव, श्रीकांत जिचकार, विजया वाड अशी अध्यक्षांची माळ पुढे सरकली. यांपैकी रा. ग. जाधव यांनी त्याआधी अनेक वर्षे याच विश्वकोशात संपादक म्हणून काम केलेले होते. विसावा खंड २०१५ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा पहिल्या खंडाला ३९ वर्षे होऊन गेली होती.

काय मिळाले, काय गमावले

या रचनेने काय मिळवून दिले, ते कोणताही खंड उघडला की दिसते. नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते. मजकुरावर शंका आली, तर विचारायचे कोणाला, हे स्पष्ट असते. वीस खंडांत परिभाषा आणि लेखनपद्धती पुष्कळ अंशी एकसारखी राहते. प्रमुख संपादक बदलले, सरकारे बदलली, तरी ‘अ’पासून निघालेले काम ‘ज्ञ’पर्यंत पोहोचले. मोठ्या उत्साहाने सुरू होऊन दुसऱ्या-तिसऱ्या खंडाशी थांबणाऱ्या योजनांची आपल्याकडे उणीव नाही. त्या मानाने हे यश लहान म्हणता येणार नाही. वेबर यांनी सांगितलेला गुण तो हाच.

किंमत मोजावी लागली ती काळाच्या रूपाने. अकारविल्हे छापल्या जाणाऱ्या कोशात एखादा विषय कोणत्या अक्षराने सुरू होतो, यावर त्याचे नशीब ठरते. ‘उ’ आणि ‘ए’ ही अक्षरे असलेले खंड सत्तरच्या दशकातच छापून झाले. त्या वेळी उझबेकिस्तान हे सोव्हिएट संघाचे एक घटक प्रजासत्ताक होते. ते स्वतंत्र झाले १९९१ मध्ये. एड्स या रोगाची वैद्यकीय जगाला ओळख पटली ती १९८१ मध्ये, म्हणजे ‘ए’चे दार बंद झाल्यावर. उलट ‘स’ हे अक्षर शेवटी येत असल्याने सोव्हिएट संघाच्या विघटनाची दखल घ्यायला अवधी मिळाला. हा काही संपादकांचा दोष नव्हता. एकच दार असलेल्या वास्तूत रांग लागते आणि रांगेत जो आधी आत गेला, तो जुना होतो.

जाळ्याची चाल

नेमकी हीच अडचण अमेरिकेतही आली होती. २००० मध्ये जिमी वेल्स यांनी ‘न्यूपीडिया’ नावाचा आंतरजालावरील ज्ञानकोश सुरू केला. लॅरी सँगर त्याचे मुख्य संपादक होते. तज्ज्ञांनीच लिहायचे आणि प्रत्येक लेख तपासणीच्या सात पायऱ्या चढून यायचा, असा नियम होता. परिणाम असा झाला, की पहिल्या वर्षात तयार झालेल्या लेखांची संख्या दोन डझनांपर्यंतही गेली नाही. साधन नवे होते, रचना मात्र जुनीच होती. १५ जानेवारी २००१ रोजी त्याच मंडळींनी जोडीला ‘विकिपीडिया’ उघडला. तेथे कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, अशी मुभा होती. वर्षभरात लेख हजारांच्या घरात गेले आणि २००३ मध्ये न्यूपीडिया बंद झाला.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झाला. आज त्यातील लेखांची संख्या लाखाच्या आसपास आहे. तेथे प्रमुख संपादक नाही, विभाग नाहीत, पगारी सहायक नाहीत. सदस्यांनी चर्चा करण्याच्या जागेला नाव आहे ‘चावडी’. मतभेदाच्या विषयावर ‘कौल’ घेतला जातो. तीच ती कंटाळवाणी दुरुस्ती हजार पानांवर करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीला मराठी सदस्यांनी ‘सांगकाम्या’ असे चपखल नाव दिले आहे. प्रत्येक पानाचा इतिहास जपलेला असतो. कोणत्या दिवशी कोणत्या सदस्याने कोणता शब्द बदलला, हे कोणालाही पाहता येते आणि चुकीचा बदल क्षणात परतवता येतो. उतरंडीत तपासणी आधी आणि प्रसिद्धी नंतर असते. येथे प्रसिद्धी आधी आणि तपासणी नंतर, असा उलटा क्रम आहे.

हा क्रम ऐकताना धोकादायक वाटतो. पण ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकाने २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडिया आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका यांतील विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या, तेव्हा सरासरीने विकिपीडियाच्या नोंदीत चार आणि ब्रिटानिकाच्या नोंदीत तीन त्रुटी आढळल्या. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतले, तरीही दोहोंतले अंतर अनेकांनी गृहीत धरले होते तितके मोठे निघाले नाही. पुढे २०१२ मध्ये ब्रिटानिकाने छापील आवृत्ती थांबवत असल्याचे जाहीर केले.

जबाबदार कोण?

त्याच २००५ या वर्षी जाळ्याची दुसरी बाजूही समोर आली. जॉन सीगेनथेलर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रनोंदीत कोणीतरी खोडसाळपणे असे घुसवले, की केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा एकेकाळी संशय होता. हे धादांत खोटे वाक्य चार महिन्यांहून अधिक काळ तसेच राहिले. ज्या पानावर अनेकांची नजर असते तेथील चूक मिनिटांत दुरुस्त होते. आडबाजूच्या पानावरील चुकीला कोणी वाली नसतो. जगात मोजकेच सक्रिय सदस्य असलेल्या भाषेत अशी आडबाजूची पाने अर्थातच अधिक असतात. मराठीला हा प्रश्न इंग्रजीहून अधिक बोचतो, तो यामुळे.

दुसरा दोष सूक्ष्म आहे. वर-खाली नाही असे म्हटल्याने वर-खाली नाहीसे होत नाही. अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळीच्या अनुभवावरून जो फ्रीमन या लेखिकेने सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी हा मुद्दा मांडला होता. ज्या गटात पदे नसतात, तेथेही सत्ता असतेच. ती ओळखीपाळखीच्या आणि अधिक वेळ देऊ शकणाऱ्या माणसांकडे जाते आणि पद नसल्यामुळे तिला जाबही विचारता येत नाही.

हे समजण्यासाठी वाईकरांना अमेरिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. गावापासून हाकेच्या अंतरावर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा उभा आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यानंतर राघोबादादांना दूर सारण्यासाठी सखारामबापू बोकील, नाना, हरिपंत फडके आदी मुत्सद्दी एकत्र आले. तेच बारभाईंचे कारस्थान. एका धन्याच्या हुकमाने चालणारे हे काम नव्हते. परस्परांच्या विश्वासावर उभे राहिलेले ते मुत्सद्द्यांचे जाळे होते आणि संकटकाळी ते उतरंडीपेक्षा चपळ ठरले. मात्र काही वर्षांतच सखारामबापू कैदेत गेले आणि कारभाराची सूत्रे नानांच्या एकट्याच्या हाती एकवटली. मराठी भाषेने तर ‘बारभाईचा कारभार’ हा शब्दप्रयोग अनेकांच्या हातांत पडून बिघडलेल्या कामासाठीच राखून ठेवला आहे.

वाईने काढलेला मधला मार्ग

विसाव्या खंडानंतर विश्वकोशापुढे दोन वाटा होत्या. पुन्हा ‘अ’पासून आरंभ करून नव्या आवृत्तीची रांग लावायची, किंवा नोंदी अद्ययावत करण्याची रचनाच बदलायची. २०१५ नंतर, दिलीप करंबेळकर अध्यक्ष असताना, दुसरी वाट धरली गेली. विषयवार ‘ज्ञानमंडळे’ स्थापन करण्यात आली. विद्यापीठे, महाविद्यालये आणि संशोधनसंस्था यांच्याशी सहकार्य करून एकेका विषयाची जबाबदारी त्या त्या ठिकाणच्या जाणकारांवर सोपवण्यात आली. प्रत्येक मंडळाला समन्वयक असतो. नोंदी कोणत्या हव्यात, लेखक कोण, समीक्षक कोण, हे तेथील तज्ज्ञ ठरवतात. नोंद तयार झाली, की खंडाची वाट न पाहता ती संकेतस्थळावर येते. अकारविल्हे रांग मोडली गेली. ‘ज्ञ’ची नोंद ‘अ’च्या आधी येऊ शकते आणि आलेली नोंद पुन्हा सुधारताही येते.

या बदलात एक गोष्ट जाणीवपूर्वक जुनीच ठेवलेली दिसते. नव्या नोंदीखालीही लेखकाचे नाव असते, आणि अनेक नोंदींखाली ‘समीक्षक’ म्हणून दुसरे नावही असते. विकिपीडियाचा वेग आणि उतरंडीची सही यांची सांगड घालण्याचा हा यत्न आहे. संघटनशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर एका केंद्राच्या जागी अनेक केंद्रे आली. पण प्रत्येक केंद्राशी कोणीतरी उत्तर देणारा बसवला गेला.

या रचनेलाही स्वतःच्या अडचणी आहेत. ज्ञानमंडळातला प्राध्यापक मुळात आपल्या महाविद्यालयाला बांधील असतो. विश्वकोशाचे काम हे त्याचे दुसरे काम. पगारी सहायकाला उद्या येण्यास सांगता येते, सहकाऱ्याला विनंतीच करावी लागते. एखादा समन्वयक निवृत्त झाला, की त्या विषयाचा ओघ आटण्याचा धोका असतो. दोन विषयांच्या सीमेवरची नोंद कोणी लिहायची, हाही प्रश्न असतोच. ऊस हा शेतीचा विषय, रसायनशास्त्राचा की सहकाराचा? उतरंडीत अशा वेळी प्रमुख संपादक निर्णय देऊन मोकळा होई. जाळ्यात तो वाटाघाटीने घ्यावा लागतो. म्हणूनच मंडळे राज्यभर पसरली, तरी मधल्या कार्यालयाचे महत्त्व कमी होत नाही. परिभाषा एकसारखी ठेवणे, दोन मंडळांना एकमेकांशी बोलायला लावणे आणि थांबलेल्या कामाची आठवण देणे ही कामे कोणीतरी केलीच पाहिजेत. जाळे विणले गेले, तरी त्याच्या गाठी आपोआप घट्ट राहत नाहीत.

आपल्या संस्थेसाठी धडा

सहकारी संस्था असो, शाळा असो किंवा माहिती तंत्रज्ञानातील कंपनी, ‘उतरंड मोडा आणि जाळे विणा’ असा सल्ला सध्या सर्रास दिला जातो. टॉम बर्न्स आणि जी. एम. स्टॉकर या ब्रिटिश अभ्यासकांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष अधिक सावध होता. स्कॉटलंड आणि इंग्लंडमधील कारखान्यांची पाहणी करून त्यांनी सांगितले, की परिस्थिती स्थिर असेल तेथे ठरीव, पदांनी बांधलेली रचना चांगली चालते. परिस्थिती वेगाने बदलत असेल तेथे सैल, परस्परसंवादावर चालणारी रचना हवी. दोन्हींपैकी कोणतीही सर्वकाळ श्रेष्ठ नाही.

विश्वकोशाला ही कसोटी लावून पाहता येते. पूर्वमीमांसेवरील नोंद एकदा नीट लिहिली, तर ती चाळीस वर्षांनीही वाचनीय राहते. तेथे सावकाश तपासणीचा लाभच होतो. साथीच्या रोगावरील नोंद चाळीस महिन्यांत शिळी होऊ शकते; तेथे रांगेत उभे राहणे परवडत नाही. म्हणजे एकाच संस्थेत दोन्ही रचना नांदू शकतात, नव्हे, नांदाव्या लागतात. आपल्या संस्थेची घडी बदलू पाहणाऱ्याने आधी तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. आपल्या कामातील कोणता भाग रोज बदलतो आणि कोणता वर्षानुवर्षे तसाच राहतो? चूक झाली, तर तिच्याखाली कोणाचे नाव असेल? आणि आज उत्साहाने गाठ बांधणारा माणूस उद्या निघून गेला, तर ती गाठ कोणाच्या हाती जाईल?

मराठीच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ व्यवस्थापनाचा नाही. इंग्रजीत एक कोश जुना झाला, तर वाचकाला दुसरे दहा मिळतात. मराठी माध्यमात शिकणाऱ्या आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला विश्वासाने उघडता येईल असे मराठी संदर्भग्रंथ मोजके आहेत. त्याला नोंद ताजी हवी आणि खरीही हवी. ती ताजी ठेवायला अनेक हात लागतील आणि खरी ठेवायला तिच्याखाली कोणाचे तरी नाव लागेल. वाईत सुरू झालेल्या कामाने या दोन्ही गोष्टी एकत्र आणण्याचा मार्ग धरला आहे. तो मार्ग किती लांब जाईल, हे ज्ञानमंडळांतील गाठी किती निष्ठेने सांभाळल्या जातात यावर ठरेल.